घरात पाच माणसं, गाडीत दोन सीट!

‘‘किती माणसं बसत्यात हिच्यात?’’ आजीनं विचारलं.

‘‘दोन.’’

‘‘आन् आपुन किती?’’

‘‘पाच.’’

आजीनं पदर सावरला आणि ती घरात निघून गेली. नव्या गाडीचं स्वागत म्हणाल तर एवढंच. ना नारळ, ना पेढे, ना बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक.

तर मंडळी, गोष्ट अशी की मे २०२५ मध्ये मी एक स्पोर्ट्‌स कार घेतली. दचकू नका, फेरारी-बिरारी नाही. हिंजवडीत क्युबिकलमध्ये बसणाऱ्या, एक बेडरूमचं भाडं आणि धाकट्या भावाची फी भरणाऱ्या माणसाच्या खिशाला परवडेल अशी. सेकंडहँड. नाव सॅन स्टॉर्म.

ऐकलंय का नाव? नसेल तर तुमचा दोष नाही. १९९८ मध्ये सॅन मोटर्स नावाच्या कंपनीनं गोव्यात तयार करून ही गाडी बाजारात आणली. बुटकी, दोन दारांची, वरचं छत काढता येणारी. बॉडी लोखंडी पत्र्याची नाही, फायबरग्लासची. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. आज शोरूममधली कुठलीही साधी हॅचबॅक यापेक्षा जास्त ताकदीची असते. पण स्टॉर्म अंगानं हलकी, आणि बसायची जागा रस्त्यापासून वीतभर उंच. त्यामुळे ६०चा स्पीड शंभरासारखा वाटतो. फारशा विकल्या गेल्या नाहीत, पुढे बनणंही बंद झालं. त्यामुळे आज रस्त्यावर दिसली तर दहातले नऊ जण विचारतात, ‘‘इम्पोर्टेड आहे का?’’

कॉलेजात असताना मित्रांबरोबर गोव्याला गेलो होतो, तेव्हा मिरामारला एक लाल स्टॉर्म उभी दिसली. तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. बाकीच्यांनी समुद्राबरोबर काढले. तो फोटो तीन मोबाइल बदलले तरी माझ्याकडे राहिला. मग एका रात्री अडीच वाजता, एक रिलीज निस्तरता निस्तरता, जाहिरात दिसली. २००३चं मॉडेल, गोवा पासिंग, ‘रनिंग कंडिशन’. पुढच्या शनिवारी मी गोव्यात. सव्वादोन लाखांत सौदा.

‘रनिंग कंडिशन’ या दोन शब्दांचा अर्थ मला तिथे कळला. गाडी चार पावसाळे नारळाच्या झाडाखाली उभी होती. मालकानं दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी लावून इंजिन सुरू केलं, ते दोन मिनिटं खोकलं आणि बंद पडलं. ‘‘चालू झाली की नाही?’’ तो म्हणाला. झाली होती. म्हणजे त्याचं खोटं नव्हतं.

माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, एवढंच.

ट्रॅक्टरचं शेड

पुण्यात दोन गॅरेजवाल्यांना विचारलं. एक म्हणाला, पार्ट मिळत नाहीत, हात लावणार नाही. दुसरा म्हणाला, लाखभर ॲडव्हान्स ठेवा आणि सहा महिने फोन करू नका. सोसायटीत माझ्या नावावर पार्किंग आहे ते एका बाइकपुरतं. मग उरलं कुठलं ठिकाण? घर.

माझं घर नेकनूरला. बीड तालुक्यातलं मोठं गाव. बीडहून निघालात की घाट चढून मांजरसुंबा लागतं, तिथे सोलापूरचा हायवे सोडून केजच्या रस्त्याला वळायचं, की थोड्या वेळात नेकनूर. बंकटस्वामी महाराजांच्या मठामुळे वारकऱ्यांना माहीत असलेलं, आणि आठवडी बाजारामुळे आजूबाजूच्या खेड्यांना. तुमच्या ऑफिसात ‘बीड’ म्हटल्यावर लोक काय बोलतात ते मला पाठ आहे. ते असो.

घरामागे पत्र्याचं एक मोठं शेड आहे. त्यात एकेकाळी अण्णांचा ट्रॅक्टर उभा असायचा. कारखान्याचा ऊस वाहायचा, दोन ट्रॉल्या मागे लावून. २०१२ मध्ये मला पुण्यात इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि त्याच महिन्यात ट्रॅक्टर गेला. ‘‘जुना झाला होता,’’ अण्णा म्हणाले. नव्हता झाला. त्यानंतर आठ सीझन त्यांनी दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले. गुडघे गेले तेव्हा थांबले. शेड मात्र तसंच राहिलं. त्यात कडबा ठेवायचा म्हटलं तरी अण्णा म्हणायचे, बाहेर रचा.

गोव्याहून रिकामा परतणारा एक टेम्पो बावीस हजारांत मिळाला. सोलापूर, तुळजापूर, येरमाळा, चौसाळा असं करत स्टॉर्म नेकनूरला आली. फळ्या लावून खाली उतरवली तेव्हा अख्खी गल्ली जमली होती. पोरांनी काचेला नाकं लावली. अण्णा ओट्यावरून उठले नाहीत.

रात्री जेवताना विचारलं, ‘‘कितीला?’’

मी सांगितलं.

‘‘म्हंजी दोन कोयत्याची उचल,’’ ते म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात, त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. सीझनच्या आधी मुकादम त्यांना आगाऊ पैसे देतो, ती ‘उचल’. पुढचे पाच-सहा महिने ती फेडायला ऊस तोडायचा. अण्णांनी आयुष्यभर असेच कोयते कारखान्यावर नेले, आणले. त्यांच्या हिशेबात माझी गाडी म्हणजे चार माणसांचा एक अख्खा हिवाळा होता. त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. ते नुसतं मोजत होते.

बैलाचे दात, टायरचे आकडे

नेकनूरला बसस्टँडकडून जाताना एक गॅरेज आहे. तिथले चाचा ट्रॅक्टर, जुन्या जीपगाड्या, पाण्याचे पंप, जे येईल ते दुरुस्त करतात. अण्णांच्या ट्रॅक्टरचं इंजिनही त्यांनीच दोनदा खोललं होतं. मी त्यांना घेऊन आलो. गाडीभोवती एक चक्कर मारली त्यांनी, खाली बसले, आणि सगळ्यात आधी टायरवर थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं.

‘‘वाच, साहेब, काय लिवलंय.’’

चार आकडे होते. १४०९.

‘‘बाजारात बैल घेताना काय बघत्यात? दात. टायरचं दात ह्ये. चौदावा हप्ता, सन नऊ. सोळा वर्साचं टायर. नक्षी नवी दिसायलीय, पर रबर म्हातारं हाय. ह्याच्यावर गाडी पळवली तर घरी येशील का न्हाई सांगता येत न्हाई.’’

सेकंडहँड गाडी बघायला जाणार असाल तर हे एक लक्षात ठेवा. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांपुढे कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. मालक काहीही सांगो, हे आकडे खोटं बोलत नाहीत.

मी उत्साहात एक एक्सेल शीट बनवून नेली होती. पहिली ओळ: इंजिन ट्यूनिंग. दुसरी: एक्झॉस्टचा आवाज. तिसरी: अलॉय व्हील्स. चाचांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली आणि स्वतःची यादी बोटांवर सांगितली. आधी जुनं पेट्रोल, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, रेडिएटरचं पाणी, जे जे पातळ आहे ते सगळं ओतून टाकायचं. मग ब्रेक. मग रबरी पाइप आणि बेल्ट. मग वायरिंग. इंजिन सगळ्यात शेवटी.

‘‘शेवटी?’’

‘‘पळवणं सोपं हाय, साहेब. आधी थांबायला शिकव तिला.’’

वाक्य मला आवडलं. एवढं आवडलं की मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. ऐकलं मात्र नाही.

जुलैतली चूक

जून गेला ओतण्यात आणि पुसण्यात. टाकीतून निघालेलं पेट्रोल चहासारखं तांबडं होतं, आणि त्याला वार्निशचा वास. रेडिएटरमधून गंजाचा चिखल आला. मी एक वीकेंड सोडून नेकनूरला. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडायची, नगर-जामखेड करत पहाटे उतरायचं, रविवारी रात्री परत. टीममध्ये सगळ्यांना वाटलं, लग्नाचं चाललंय.

चाचांनी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजनं मोजलं. आकडे १५५ ते १६५ पीएसआयच्या मध्ये आले. ‘‘जीव हाय हिच्यात,’’ ते म्हणाले. आकडा किती यापेक्षा चारही जवळजवळ सारखे येणं महत्त्वाचं. एखादा एकदम खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगांचं मोठं काम निघतं. म्हणजे इंजिन खोलायची गरज नव्हती. नवे प्लग, नवं फिल्टर, नवी बॅटरी, ताजं पेट्रोल. जुलैच्या एका शनिवारी इंजिन सुरू झालं आणि चक्क सुरूच राहिलं. तो आवाज ऐकून मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही, एचआरवाले वाचतात.

टायर नवे टाकले होते, ब्रेकचं सामान यायचं होतं. चाचा नमाजाला गेले होते. मी विचार केला, गल्लीच्या टोकापर्यंत. फक्त पहिल्या गिअरमध्ये.

पहिल्याचा दुसरा कधी झाला ते कळलं नाही. वळणावर समोरून शेळ्या आल्या. ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थेट तळापर्यंत गेलं, जणू खाली काही नव्हतंच. पुन्हा दाबलं. तेच. शेळ्यांमागे सात-आठ वर्षांची एक मुलगी होती, हातात काठी. तिनं मला पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी शेणखताच्या ढिगाऱ्यात जाऊन बसली. पुढचा बंपर एका कोपऱ्यात तडकला. मुलीला, शेळ्यांना, मला, कुणाला काही झालं नाही. हे वाक्य लिहायला जितकं सोपं आहे तितकं ते नव्हतं. त्या रात्री मी झोपलो नाही.

चाचा परत आले तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. गाडीची चावी काढून खिशात टाकली आणि म्हणाले, ‘‘आता ही मी सांगीन तवा.’’ नंतर चाक खोलून दाखवलं. मागच्या व्हील सिलिंडरची रबरं बिस्किटासारखी झाली होती, सगळं ब्रेक ऑइल तिथून गळून गेलं होतं. पुढच्या एका कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला.

ब्रेक ऑइलची एक वाईट सवय आहे. ते हवेतली ओल पिऊन घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही तर आतून गंज धरतो. शिवाय घाट उतरताना ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे चाकापर्यंत दाब पोचतच नाही. म्हणून गाडी चालो वा उभी राहो, दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. पेडल तळाला गेल्यावर खरं कळलं.

अण्णांना गल्लीतल्या कुणीतरी सांगितलंच. ते शेडच्या दारापर्यंत आले, तडकलेला बंपर पाहिला आणि म्हणाले, ‘‘भरल्या दोन ट्रॉल्या मागं आसताना उतारावर ब्रेक गेला होता माजा एकदा.’’ बस. पुढं काय झालं ते सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

कूलरवाला, फ्रान्स आणि आमचाच ऊस

फायबरग्लासच्या गाडीला लोखंडी गाडीत नसतात असे आजार असतात. साध्या गाडीत पत्र्याची बॉडी हीच निगेटिव्ह वायर असते. दिव्याची एक वायर बॅटरीकडे, दुसरी बॉडीला टेकवली की झालं. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्याची अर्थची वायर थेट चासीपर्यंत न्यावी लागते. आमच्या गाडीत ती टोकं गंजली होती. परिणाम? डावा इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद व्हायचे आणि हॉर्न दाबला की वायपर हलायचा. ट्रॉलीच्या दिव्यांचं वायरिंग करणाऱ्या एका पोरानं एका दुपारी सगळी टोकं पॉलिश पेपरनं घासली, नवी थिंबलं लावली, आणि भूतबाधा उतरली.

बंपरला आणि बॉडीवरच्या तड्यांना बीडचा एक कूलरवाला मिळाला. मराठवाड्यात उन्हाळा कूलरवर निघतो आणि कूलरच्या बॉड्या फायबरच्या, त्या फुटतातच. त्यानं काचतंतूंची मॅट कापली, रेझिनमध्ये हार्डनर मिसळला, आतून तीन थर चढवले, घासून सपाट केलं. ‘‘कूलरच समजायचा,’’ तो म्हणाला, ‘‘फक्त ह्याला चाकं हायेत.’’

टायमिंग बेल्ट मात्र नेकनूर, बीड, पुणे, कुठेच मिळेना. या जातीचं इंजिन तिकडे युरोपात रेनॉच्या ट्विंगो आणि क्लिओमध्ये बसायचं. माझा एक जुना रूममेट ऑनसाइट फ्रान्समध्ये आहे. तो सुट्टीला येताना परफ्यूम आणि चॉकलेटांबरोबर बेल्ट, टेन्शनर आणि थर्मोस्टॅट घेऊन आला. विमानतळावर कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय? ‘‘मित्राचं पहिलं प्रेम,’’ असं सांगितल्याचा त्याचा दावा आहे. बेल्ट किलोमीटरवर जितका झिजतो तितकाच वयानंही कडक होतो. मीटरवर फक्त ४१ हजार किलोमीटर दिसत होते, पण जुना बेल्ट वाकवल्यावर त्याला चिरा दिसल्या.

थर्मोस्टॅट आधीच्या कुणा मेकॅनिकनं काढून फेकला होता. आपल्याकडे सर्रास करतात, गाडी गरम होते म्हणून. त्यानं इंजिन नेहमी थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि आतून लवकर झिजतं. चाचांनी तो परत बसवला आणि रेडिएटरचा पंखा ठीक केला, जो मूळ रोग होता.

आणि मग ऑगस्टमध्ये शेडमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला. टाकीकडून येणारा रबरी पाइप मऊ पडून पाझरत होता. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल म्हणजे ई-२०, त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. एप्रिल २०२३ पासून येणाऱ्या गाड्यांचे पाइप आणि सील ते सोसतील असे बनवलेले असतात. २००३ च्या गाडीचं रबर त्यासाठी नव्हतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते खाली साचू शकतं. उपाय एकच: इथेनॉल सोसणारे नवे पाइप, व्हायटनचे ओ-रिंग, नवं फिल्टर, आणि गाडी उभी ठेवायची नाही.

हे सगळं मी ओट्यावर बसून भावाला समजावत होतो. अण्णा ऐकत होते.

‘‘इथेनॉल कशाचं आसतंय?’’

‘‘मक्याचं, तांदळाचं... आणि उसाचं.’’

अण्णा हसले. मेपासून पहिल्यांदा. ‘‘म्हंजी आमच्याच उसानं बंद पाडली की तुजी गाडी!’’

मार... धर... सोड

सप्टेंबरमध्ये पाऊस पडला तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. मराठवाड्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. आमचं सोयाबीन जागेवर कुजलं, शेजाऱ्यांची माती वाहून गेली. मी गावी गेलो तो गाडीसाठी नाही. चिखलातून फिरताना, पंचनाम्याची वाट बघणाऱ्या माणसांच्या घोळक्यात उभं असताना, शेडमध्ये ताडपत्रीखाली एक स्पोर्ट्‌स कार आहे याची मला लाज वाटली. खरंच वाटली. विकून टाकू म्हणून मी अण्णांना म्हटलंही.

‘‘आर्दं खोललेलं कोण घेतंय?’’ अण्णा म्हणाले. ‘‘आधी जोड.’’

पण चाचांना आता वेळ नव्हता. दसऱ्याच्या आधी गावातला प्रत्येक ट्रॅक्टर त्यांच्या दारात उभा असतो. कारखाना सुरू व्हायच्या आत क्लच, ब्रेक, ट्रॉलीचे ॲक्सल तयार लागतात. तिथे उशीर झाला तर कुणाचा सीझन जातो. माझी गाडी यादीत शेवटची, आणि ते बरोबरच होतं.

दिवाळी झाली. ट्रॅक्टर गेले, कोयते गेले, निम्मं गाव रिकामं झालं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी चाचा पेटी घेऊन शेडमध्ये आले. ब्रेकची सगळी रबरं नवी, कॅलिपर साफ, पाइप नवे. उरलं होतं ब्रेकमधली हवा काढायचं काम. त्याला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल मारतो, दुसरा चाकापाशी निपल उघडतो, मिटतो. मी चाचांबरोबर खाली होतो, बाटली धरून. भाऊ पुण्याला.

‘‘पेडलवर कोण?’’ चाचांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हाक मारली, ‘‘आण्णा! या जरा.’’

अण्णा आले. दाराशी थांबले. तेरा वर्षांत त्या शेडमध्ये ते कधी बसले नव्हते. मग वाकले, एक हात छताच्या कडेला, गुडघा सांभाळत, एक पाय आत, आणि धपकन सीटवर. सीट इतकी खाली की त्यांच्या तोंडून ‘‘आयायाया’’ निघालं.

‘‘मार,’’ चाचा म्हणाले. अण्णांनी तीनदा पेडल मारलं.

‘‘धर.’’ पाय दाबून धरला. निपल उघडला, पाइपमधून बुडबुडे आले.

‘‘सोड.’’

मार, धर, सोड. चार चाकं. दोन तास. मी जमिनीवर पालथा, मला दिसत होता तो फक्त अण्णांचा अनवाणी पाय आणि पेडल. त्या पायाला काय करायचं ते सांगावं लागत नव्हतं. शेवटच्या चाकाला चाचांनी ‘धर’ म्हणायच्या आत तो थांबला. ‘‘आता कडक लागायलंय,’’ अण्णा आतून म्हणाले. ‘‘हवा गेली.’’ बाटलीत पाहिलं. एकही बुडबुडा नव्हता.

काम झाल्यावर चाचा हात धुवायला गेले. अण्णा उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मीही काही बोललो नाही.

हिशेब

पैशांचं विचारणार असाल, म्हणून सांगतो. टेम्पो २२ हजार, टायर १८, ब्रेक साडेचौदा, बेल्ट आणि त्यासोबतचं ११, पेट्रोलचे पाइप आणि पंप १२, बॅटरी-वायरिंग साडेनऊ, फायबर आणि रंग १६, चाचांची मजुरी २०. एकूण एक लाख तेवीस हजार. अलॉय व्हील्स नाहीत. एक्झॉस्टचा आवाज कंपनीचाच. माझ्या एक्सेल शीटमधल्या पहिल्या तीन ओळींतलं काहीच झालं नाही, आणि गाडी उत्तम चालते.

कागदांचं काम अजून चालू आहे. गोवा पासिंगची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्याला तिकडच्या आरटीओची एनओसी, मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, नव्या नंबरासाठी २७ नंबरचा, आणि इथला रोड टॅक्स. पहिली पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ च्या नव्या दरांनी वीस वर्षांवरच्या कारला त्याचे दहा हजार. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, आणि पावतीही मिळते.

डिसेंबरात चाचांनी चावी परत दिली. पहिली खरी चक्कर त्यांच्याबरोबरच, मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत. उतारावर त्यांनी तीनदा ब्रेक दाबायला लावला, तीनदा खाली उतरून चाकाला हात लावून पाहिला. चारही चाकं सारखी कोमट. ‘‘शिकली,’’ ते म्हणाले. परत येताना छत काढलं. चाचांची टोपी उडू नये म्हणून त्यांनी ती मांडीवर धरली होती. ६०च्या वर मी गेलोच नाही. गरज वाटली नाही.

जानेवारीत संक्रांतीला घरी गेलो. सकाळी गाडी पुसून ठेवली, म्हटलं आज अण्णांना फिरवून आणतो. आत गेलो चहा प्यायला. बाहेर इंजिनचा आवाज आला. धावत ओट्यावर आलो तर अण्णा स्टिअरिंगवर, आणि शेजारच्या सीटवर आई, नव्या साडीत, मांडीवर वाणाचं ताट.

‘‘कुठं?’’ मी विचारलं.

‘‘कपिलधारला जाऊन येतो,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तुज्या आईला कधी नेलं न्हाई पुढच्या सीटवर. ट्रॅक्टरला कुठं आसती?’’

‘‘अन् मी?’’

आजी ओट्यावर तीळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता उत्तर दिलं.

‘‘दोनच बसत्यात म्हणलास ना?’’